घाटेअळीचा फेरफार
पतंगांच्या एका भावकीची वाटणी कशी झाली, आणि तिचा आपल्या फवाऱ्याशी काय संबंध

हरभरा घाट्यावर आला की गावोगाव एकच बोलणे ऐकू येते, "अळी पडली." तुरीच्या शेंगेला भोक दिसले, अळी. कपाशीचे पाते गळाले, अळी. टोमॅटो आतून नासका निघाला, अळी. मग कृषी सेवा केंद्रावर जायचे, "अळीचं औषध द्या" म्हणायचे, मिळेल ती बाटली घ्यायची आणि पंप पाठीला लावायचा. अळी कोणती, हे दुकानदार विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

हा प्रश्न तसा साधा नाही. ज्या अळीला आपण हरभऱ्यात घाटेअळी म्हणतो, तुरीत शेंगा पोखरणारी अळी म्हणतो आणि कपाशीत हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणतो, तिचे खरे घराणे कोणते हे ठरायला शास्त्रज्ञांनाही दीडशे वर्षे लागली. ते १९६५ साली ठरले. तेव्हा पतंगांचा एक नवा गट वेगळा काढण्यात आला. या वाटणीची हकिकत शेतकऱ्यांनी आणि गावातल्या कारभाऱ्यांनी माहीत करून घ्यावी अशी आहे, कारण नाव चुकले की औषध चुकते आणि औषध चुकले की हंगाम जातो.

आडनाव आणि नाव

शास्त्रात प्रत्येक जिवाला दोन शब्दांचे नाव असते. पहिला शब्द आपल्या आडनावासारखा, म्हणजे घराण्याचा. दुसरा त्या एकट्याचा. एका आडनावाखाली जवळचे भाऊबंद येतात. अशी अनेक आडनावे मिळून मोठे कूळ होते. आपली घाटेअळी 'नॉक्टुइडी' या कुळातली. या कुळातले बहुतेक पतंग रात्री उडतात आणि शेतीच्या कितीतरी किडी याच कुळातून येतात.

जर्मनीतल्या ऑग्सबर्ग गावी याकोब ह्युब्नर नावाचे एक गृहस्थ होते. फुलपाखरे आणि पतंग यांची रंगीत चित्रे काढण्यात त्यांनी उभा जन्म घातला. त्यांनी १८०८ साली या पतंगाला 'नॉक्टुआ अर्मिजेरा' असे नाव दिले. अर्मिजेरा म्हणजे हत्यार बाळगणारा. पुढे १८१६ साली ओक्सेनहायमर यांनी 'हेलिओथिस' हे आडनाव काढले आणि आपला पतंग त्या घरात गेला. जुन्या शेतकऱ्यांना 'हेलिओथिस' हा शब्द आठवत असेल. शेतकी खात्याच्या पत्रकांत आणि आकाशवाणीच्या कार्यक्रमांत तो वर्षानुवर्षे येत असे.

हे घर दिवसेंदिवस भरत गेले. पिवळसर-तपकिरी पंख, त्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचा एक गडद ठिपका, मागचे पंख फिके आणि कडेला काळसर पट्टा, असा पतंग कुठेही दिसला की 'हा अर्मिजेराच' म्हणून नोंद व्हायची. युरोपातला असो, आफ्रिकेतला असो, ऑस्ट्रेलियातला असो की अमेरिकेतला. एकाच सातबाऱ्यावर सगळ्या भावकीची नावे चढावीत आणि कोणाचा हिस्सा कुठला हेच कळू नये, तशी गत झाली.

पहिली शंका ऑस्ट्रेलियात

ऑस्ट्रेलियात आय. एफ. बी. कॉमन या कीटकशास्त्रज्ञांनी १९५३ साली दाखवून दिले की तिथे 'अर्मिजेरा' म्हणून ज्यांची नोंद होते ते सगळे पतंग एका जातीचे नाहीत. त्यात 'पंक्टिजेरा' नावाची दुसरी जात मिसळलेली आहे. दोन्ही कपाशीवर येतात, दोन्ही हरभऱ्यावर येतात आणि लहान अळ्या तर डोळ्यांनी वेगळ्या ओळखू येत नाहीत.

यात शेतकऱ्याचे काय आले? पुढच्या काळात तेच कळले. ऑस्ट्रेलियातली अर्मिजेरा अळी एकामागून एक औषधांना सरावत गेली. पंक्टिजेरा मात्र त्या मानाने औषधाला बळी पडत राहिली, कारण तिचे पतंग दूरच्या ओसाड मुलखातून, रानवनस्पतींवरून नव्याने येत असतात. तिकडे औषध पडत नाही, म्हणून तिथली पिढी सरावलेली नसते. त्यामुळे तिथल्या कपाशी उत्पादकाला फवाऱ्याआधी आपल्या शेतात कोणती जात किती आहे हे पाहावे लागते. पंक्टिजेरा जास्त असेल तर साध्या औषधाने भागते. अर्मिजेरा जास्त असेल तर तेच औषध पाण्यात घातल्यासारखे. दिसायला अळी एक, हिशेब दोन.

'अमेरिकन' अळी अमेरिकेची नव्हेच

कॉमन यांच्यानंतर दोन वर्षांनी, १९५५ साली, अमेरिकेच्या शेती खात्यातले ई. एल. टॉड यांनी तिकडच्या मक्याच्या कणसावरच्या अळीचा प्रश्न हाती घेतला. तोवर तिकडची अळी आणि आशिया, आफ्रिका, युरोप इथली अळी एकच समजली जात असे. टॉड यांनी सांगितले की या दोन वेगळ्या जाती आहेत. अमेरिकेतली ती 'झिया', म्हणजे मक्यावरून नाव पडलेली, आणि आपल्याकडची ती 'अर्मिजेरा'.

म्हणजे गंमत बघा. आपण जिला अमेरिकन बोंडअळी म्हणत आलो ती मुळात अमेरिकेची नाहीच. दोन्ही एकच समजल्या जात होत्या त्या काळाची ही खूण आपल्या बोलीत राहून गेली. खरी अर्मिजेरा तर २०१३ सालापर्यंत अमेरिका खंडात नोंदलीही गेली नव्हती.

पोटाच्या टोकात दडलेली खूण

इतके झाल्यावर सगळ्या भावकीची एकदाच मोजणी होणे गरजेचे होते. ते काम कॅनडाच्या शेती खात्यातले डेव्हिड हार्डविक यांनी केले. १९६५ साली त्यांचा सुमारे अडीचशे पानांचा ग्रंथ कॅनडाच्या कीटकशास्त्र संस्थेने छापला.

हार्डविक यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पंखांच्या रंगावर त्यांनी विसंबायचे नाही असे ठरवले, कारण रंग फसवतो. पतंगाच्या पोटाचे टोक कापून काढायचे, कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात ठेवून मऊ व पारदर्शक करायचे, धुवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे जननेंद्रिय पाहायचे. कुलूप-किल्ली जशी एकमेकांना बसते तसे एका जातीचे नर-मादी एकमेकांना बसतात. म्हणून हा अवयव जातीगणिक वेगळा असतो आणि खाण्यापिण्याने किंवा हवामानाने तो सहसा बदलत नाही.

असे पाहता पाहता त्यांना दिसले की अर्मिजेरा, झिया, पंक्टिजेरा, 'असल्टा' आणि यांचे आणखी काही भाऊबंद यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. नराच्या अवयवातली आतली नळी लांब आणि स्क्रूसारखी पिळदार आहे, तिच्यावर बारीक काट्यांची ओळ आहे. मादीच्या पोटातली पिशवीही त्या पिळाला जुळेल अशी वळलेली आहे. हेलिओथिस घरातल्या बाकीच्यांत असा पिळ नाही. म्हणजे हे लोक एका वाड्यात राहत असले तरी वेगळ्या चुलीचे. हार्डविक यांनी त्यांना नवे आडनाव दिले, 'हेलिकोव्हर्पा'. या नावातच पिळाचा अर्थ आहे.

एकमेकांशी अगदी मिळत्याजुळत्या जातीही याच खुणेने सुटल्या. अर्मिजेराच्या त्या नळीच्या तळाशी एक फुगवटा असतो, झियाच्या तळाशी तीन. पंख कितीही न्याहाळले तरी जे कळत नाही ते इथे मोजून कळते.

हार्डविक यांनी काही अगदी नव्या जातीही या ग्रंथात प्रथम नोंदल्या. आफ्रिकेतल्या एकीचे नाव 'टोडाय' ठेवले. पुढे १९९९ साली ऑस्ट्रेलियात मार्कस मॅथ्यूज यांनी तिथल्या पतंगांचा मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा एका जातीला 'हार्डविकी' हे नाव दिले. या लोकांचा मानपान असा पतंगाच्या नावाने होतो.

कंसातला फेरफार

कृषी विद्यापीठाच्या पुस्तकात या किडीचे नाव पाहा. 'हेलिकोव्हर्पा अर्मिजेरा' आणि पुढे कंसात 'ह्युब्नर' असे लिहिलेले दिसेल. हा कंस उगाच नसतो. ज्याने प्रथम नाव दिले त्याने ते दुसऱ्या आडनावाखाली दिले होते, मागाहून घर बदलले, असा त्याचा अर्थ. कंस नसेल तर घर मूळचेच. जमिनीच्या फेरफाराची नोंद जशी उताऱ्यावर राहते, तसा हा पतंगाचा फेरफार.

आणि फेरफार मंजूर झाला तरी जुने नाव लोकांच्या तोंडून लवकर जात नाही, हेही जमिनीसारखेच. १९८१ साली हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅटमध्ये या किडीवर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली, तीही 'हेलिओथिस'च्याच नावाने. आजही कामगंध सापळ्यातली गोळी मागताना आपण 'हेलिल्यूर द्या' म्हणतो. त्यातला 'हेलि' त्या जुन्या घराचाच.

हे काम संपलेले नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या मायकेल पोग यांनी तंबाखूवरच्या 'व्हिरेसेन्स' या अळीला हेलिओथिस घरातून काढून 'क्लोरिडिया' या जुन्या घरात परत नेले. जसजशी पाहणी खोल जाते तसतसे उतारे दुरुस्त होतात.

आपल्या शिवारात कोण कोण

आता आपल्या बांधावर येऊ. या पतंगांतले किमान तीन भाऊबंद भारतात शेतकऱ्याला भेटतात.

पहिली अर्मिजेरा. हिला काहीही चालते. हरभरा, तूर, कपाशी, टोमॅटो, मका, ज्वारी, सूर्यफूल, भेंडी. भारतात १८० हून अधिक वनस्पतींवर तिची नोंद आहे.

दुसरी असल्टा. हीसुद्धा हेलिकोव्हर्पाच, पण तोंडाची फार चोखंदळ. तंबाखू, मिरची, धोतरा अशा वांगीवर्गीय झाडांवरच तिचे भागते. कपाशी-हरभऱ्याच्या वाटेला ती जात नाही.

तिसरी 'पेल्टिजेरा'. ही करडईच्या बोंडावर येते. वाटणीत ही जुन्या घरातच राहिली, म्हणून तिचे आडनाव अजून हेलिओथिस आहे.

अर्मिजेरा आणि असल्टा यांची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दोन्हींच्या माद्या नराला बोलवायला मुख्यतः त्याच दोन वासाच्या द्रव्यांचा उपयोग करतात. फरक फक्त प्रमाणाचा. अर्मिजेरात एक द्रव्य शंभरात सुमारे ९७ आणि दुसरे ३. असल्टात हे प्रमाण उलटे, दुसरेच द्रव्य बहुतांश. एवढ्या फरकाने नर आपली मादी ओळखतो आणि परक्या घरी जात नाही. आपल्या सापळ्यातली गोळी याच मापावर तयार होते. शास्त्रज्ञांनी जाती वेगळ्या ओळखल्या नसत्या तर हे मापच सापडले नसते.

रंगावर जाऊ नका

शेतात सर्वांत मोठी फसगत होते ती रंगाने. अर्मिजेराची अळी हिरवी असते, तपकिरी असते, पिवळट असते आणि कधी कधी गुलाबीसुद्धा असते. तिने काय खाल्ले यावर रंग बराच अवलंबून असतो. एकाच मादीची पोरे चार रंगांची निघू शकतात. "हिरवी मेली, पण आता काळी आली" असे लोक म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा ती एकच अळी असते.

उलट बाजूने, कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी दिसली म्हणजे ती शेंदरी बोंडअळीच असेल असेही नाही. शेंदरी अळीचे कूळच निराळे, 'जेलेकिइडी'. ती लहान असते, बोंडाच्या आत शिरून सरकीवर जगते आणि बाहेरून पत्ता लागू देत नाही. अर्मिजेराची अळी मोठी होते, दीड इंचापर्यंत, आणि अर्धे अंग बाहेर ठेवून घाटा किंवा बोंड खाते. भोक मोठे, गोल आणि बाहेर विष्ठा. ही खूण रंगापेक्षा खरी.

हा फरक विदर्भ-मराठवाड्याने पैसे मोजून शिकला आहे. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. अर्मिजेरा त्याने बरीच दबली. पण शेंदरी बोंडअळी दोन्ही जनुकांना सरावली आणि २०१७ च्या हंगामात तिने कपाशीचा फडशा पाडला. "बीटी असून बोंडअळी कशी आली?" असा सवाल तेव्हा गावोगाव होता. दोन अळ्यांना आपण 'बोंडअळी' हे एकच नाव दिले होते, म्हणून तो सवाल पडला.

चुकीच्या नावाची किंमत

ब्राझीलचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१२-१३ च्या हंगामात तिथे बाहिया प्रांतात कपाशी आणि सोयाबीनवर अळ्यांनी धुमाकूळ घातला. लोकांना वाटले, ही आपली नेहमीची झियाच. नेहमीचे फवारे मारले, अळी हटेना. अखेर पतंगांची पोटे तपासली, डीएनए पाहिले, तेव्हा २०१३ साली उघड झाले की ही जुन्या जगातली अर्मिजेरा आहे. तोवर ती बऱ्याच मुलखात पसरली होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर तिचा आणि झियाचा संकर झाल्याचे ब्राझीलच्या पतंगांत दिसले. कीटकनाशक पचवण्याची ताकद अशा संकरातून दुसऱ्या जातीत जाऊ शकते, म्हणून तिकडे सगळे धास्तावले आहेत.

आपल्याकडेही १९८७-८८ चा हंगाम आठवणारे लोक आहेत. आंध्रात गुंटूर, प्रकाशम भागात सिंथेटिक पायरेथ्रॉइडचे फवाऱ्यावर फवारे झाले आणि अळी जिवंतच राहिली. कपाशी हातची गेली, कर्ज मागे राहिले. ती हीच अर्मिजेरा. औषधाला लवकर सरावणे हा तिचा धर्मच आहे. म्हणून एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा मारू नये, हा सल्ला सर्व किडींना लागू असला तरी या किडीला शंभर टक्के लागू.

गावात काय करता येईल

नाव पक्के करणे हे फक्त विद्यापीठाचे काम नाही. त्याची सुरुवात गावात होऊ शकते, आणि खर्च जवळजवळ नाही.

शेतातून पाच-सहा अळ्या आणा. प्रत्येक अळी वेगळ्या डबीत ठेवा. हे विसरू नका, कारण या अळ्या एकमेकींना खातात. एका डबीत सहा टाकल्या तर आठ दिवसांनी एखादीच उरेल. डबीच्या झाकणाला बारीक भोके पाडा, तळाशी दोन-तीन बोटे ओलसर माती घाला आणि ज्या पिकावर अळी सापडली त्याच पिकाचा ताजा पाला, घाटे रोज द्या. अळी मोठी झाली की मातीत जाऊन कोष करते. साधारण दहा ते चौदा दिवसांत पतंग निघतो, थंडीत थोडे जास्त दिवस लागतात. डबीवर चिठ्ठी लावा. गाव, पीक, तारीख, कोणाचे शेत. संग्रहालयातल्या पतंगाच्या टाचणीलाही अशीच चिठ्ठी असते. चिठ्ठी नसलेला पतंग शास्त्राला कवडीमोल.

हा पतंग आणि उरलेली अळी कृषी खात्याच्या माणसाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. तिथे अडले तर विद्यापीठ आहे, त्यापुढे बंगळुरूला कीटकांची राष्ट्रीय संस्था आहे आणि दिल्लीला पुसा संस्थेचा जुना कीटकसंग्रह आहे.

नाव अर्मिजेरा निघाले तर पुढचा रस्ता ठरलेला. हरभऱ्यात हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. सलग तीन दिवस सापळ्यात रोज ८ ते १० पतंग आले, किंवा एक मीटर ओळीत १ ते २ अळ्या दिसल्या, की उपाय सुरू करायची वेळ झाली असे समजा. त्याआधी पाच टक्के निंबोळी अर्क आणि पक्षीथांबे. अळी लहान असताना एचएएनपीव्ही हे विषाणूचे औषध हेक्टरी ५०० एलई, सायंकाळी, नीळ घालून फवारावे. उन्हात विषाणू टिकत नाही. हे औषध अर्मिजेरावरच चालते, ज्वारी-सोयाबीनवरच्या दुसऱ्या अळीवर मारले तर पैसे वाया. रासायनिक औषध घ्यायचेच झाले तर त्या वर्षीची विद्यापीठाची शिफारस आणि बाटलीवरचे लेबल पाहूनच घ्या.

आणखी एक विनंती गावच्या कारभाऱ्यांना. २००८ साली सोयाबीनवर अळ्यांचा मोठा हल्ला झाला, त्यानंतर राज्यात कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. शेतावर जाऊन नोंदी घेतल्या जातात, त्यावरून सल्ला निघतो. त्या नोंदीत, किंवा नुकसानीच्या पंचनाम्यात, "अळीने पीक खाल्ले" एवढेच लिहिले तर वर बसलेल्या माणसाला काही कळत नाही. पीक कोणते, भाग कोणता खाल्ला, भोक कसे, अळी किती लांब आणि नाव पटले असल्यास पूर्ण नाव, एवढे पाच रकाने भरायला पाच मिनिटे लागतात. हे पाच रकाने भरलेले असले की पुढच्या हंगामात कोणते औषध, कोणता सापळा आणि कोणता वाण, हे अंदाजाने सांगावे लागत नाही.